खाडीत धुतलेली गाडी

पनवेल आमच्या सांगोल्याकडच्या लोकांना एसटीच्या खिडकीतून माहीत असतं. मुंबईला जाताना गाडी तिथे थांबते, उतारू पाय मोकळे करतात, कोणी चहा घेतो, कोणी झोपेतच विचारतो, "कुठलं आलं?", आणि गाडी पुढे निघते. पनवेल बघायला म्हणून मुद्दाम कोणी जात नाही. आम्ही बापलेक मात्र तिथेच गेलो होतो. पनवेलच्या पलीकडे आम्हाला कुठे जायचंच नव्हतं.

त्याचं कारण सांगायला हवं. मी पदवीचं शिक्षण पनवेलला केलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे राहायची सोय आधी बघावी लागते हेही कोणाला ठाऊक नव्हतं. वसतिगृहात नंबर लागला नाही तेव्हा वर्गातला हरेश मला कोन गावी आपल्या घरी घेऊन गेला. "दोन दिवस राहा, मग बघू," म्हणाला. ते दोन दिवस तीन वर्षं चालले. हरेशचे वडील त्याच्या लहानपणीच गेलेले. घरात त्याची आई, जिला मी मावशी म्हणतो, धाकटी बहीण दर्शना आणि कर्ते असे बाळारामकाका. त्या घरात मला कधी कोणी "आता कधी जाणार?" असं विचारलं नाही. आज मी सांगोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो ते त्या घरामुळे, हे मी वर्गातसुद्धा सांगतो.

दर्शनाचं लग्न ठरलं तेव्हा मावशींनी फोनवर एकच सांगितलं, "येताना तात्यांना आन." तात्या म्हणजे माझे वडील. साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून त्यांची उमर गेली. मुलगा शिकला ते घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ताबडतोब पांढरा सदरा धुवायला टाकला.

प्रस्थान

आमची गाडी जुनी. शाळेतल्या निवृत्त झालेल्या सरांकडून घेतलेली, छोटी, बसकी, आणि रंगाने मुळात लाल असावी अशी. तिचा हँडब्रेक आम्ही कधी वापरला नव्हता. आमचा मुलूख तव्यासारखा सपाट. तात्यांची सवय ट्रॅक्टरची: गाडी थांबली की उतरायचं आणि चाकापुढे धोंडा लावायचा. पण पुण्यानंतर घाट लागणार म्हणून निघण्याआधी गॅरेजवाल्याने हँडब्रेक आवळून दिला आणि तात्यांना बजावलं, "गाडी थांबली की वढायचा. इसरायचं न्हाई."

तात्यांनी ते फार मनावर घेतलं. हँडब्रेकचा दांडा आमच्या दोघांच्या मधोमध. त्यांनी तो आपल्याकडे घेतला. चहाला थांबलो की मी पाय ब्रेकवर ठेवून इंजिन बंद करायच्या आत तात्या दोन्ही हातांनी, विहिरीतून पोहरा ओढावा तसा, दांडा वर ओढत. कर्र, कर्र, कर्र. मग माझ्याकडे बघून म्हणत, "जा आता निवांत."

कोन

द्रुतगती मार्ग जिथे सुटतो तिथून कोन जवळच. मी शिकत होतो तेव्हा या रस्त्याला भातशेती होती. आता डंपर, गोदामं आणि जमिनी गेलेल्यांचे नवे बंगले. बंगल्यांपुढे उंच उंच जीपगाड्या, इतक्या की हरेशच्या आळीत शिरल्यावर आमची गाडी कोंबड्यांच्या रांगेत उभी असल्यासारखी वाटली... हो, कोंबड्या तिच्यापेक्षा फार लहान नव्हत्या.

हवेचं तात्यांना नवल वाटलं. "ऊन एवढं न्हाई, मग घाम कसला येतोय?" आमच्याकडे ऊन अंगावरचा घाम दिसायच्या आधीच पिऊन टाकतं. इथे सदरा वाळत घातला तर संध्याकाळपर्यंत ओलाच. मावशींनी मिठाची बरणी दाखवली. मिठाला पाणी सुटून त्याचा चिखल झाला होता. माणदेशात आमच्या आईला मिठाचा खडा फोडायला वरवंटा लागतो.

जेवायला तांदळाची भाकरी. तात्या ज्वारीच्या भाकरीवर वाढलेले. त्यांनी ती पांढरीशुभ्र, मऊ भाकरी हातात धरून उजेडात पाहिली.

"वहिनी, ही भाकरी हाय का इस्त्रीचा रुमाल?"

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. "खाऊन तं बघा."

खाल्ल्यावर तात्यांनी आणखी दोन मागितल्या. माशाचं मात्र अवघड होतं. मटण कितीही असो, काट्याची त्यांना धास्ती. मांदेलीचा पहिला घास त्यांनी पाच मिनिटं तोंडात फिरवला. बाळारामकाका समोर बसून बघत होते. काका म्हणजे उंच, काटक, मिशी पिळलेले, जुने डंपरचालक, आणि ज्याच्या वाटेला जातील त्याची टर उडवणारे.

"तात्या, गिळा ना! काय शालंतल्या मास्तरावानी विचार करताव?"

"आवं, काटा लागंल की."

"मांदेलीला काटा नसतंय. आसला तं तो बी खायाचा असतंय."

शेवटी मावशींनीच त्यांच्या ताटातला मासा सोडवून दिला, लहान पोराला देतात तसा. तात्या लाजले पण जेवले.

एक गोष्ट मात्र त्यांना पहिल्याच दिवसापासून टोचू लागली. लग्नघर म्हणजे कामाचा डोंगर. माणसं तांदूळ निवडत होती, पातेली उतरवत होती, ओट्याला रंग देत होती. तात्या जिथे हात घालायला जातील तिथे कोणीतरी खुर्ची आणून ठेवी. "तुमी पावनं. तुमी बसा." तीन वर्षं पोराला जेवू घातलं त्या घरात एक पातेलंसुद्धा उचलू देत नाहीत म्हणजे काय? रात्री ओसरीवर आडवं होताना ते मला म्हणाले, "सुभाष, आपण नुसतं जेवायलाच आलोय का रं? एखादं तरी काम मागून घे." मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "काम कसलं? तुमी आला तेच काम."

हिराबायच्या घरी

काम मिळालं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही नशिबाने.

आगरी लग्नाची एक रीत वाचकांना सांगितली पाहिजे. यांच्या लग्नात धवलारीण लागते. ही एक जाणती बाई. प्रत्येक विधीला ती गाणी म्हणते, त्यांना धवले म्हणतात, आणि त्या गाण्यांतूनच लग्न पुढे सरकतं. देवांना आमंत्रण गाण्यात, नवरीच्या मामाचं, भावांचं नाव गाण्यात. आमच्याकडे भटजीबुवांना उशीर झाला तर लोक घड्याळ बघतात. इथे धवलारीण आली नाही तर हळद भिजवतच नाहीत.

हिराबाय ही या भागातली नावाजलेली धवलारीण. राहायला उलव्याच्या बाजूच्या एका गावात. काका तिला सुपारी द्यायला निघाले. त्यांची जीप मांडवाच्या सामानाला गेली होती म्हणून आमच्या गाडीतून गेलो. उलव्याला जिकडे बघावं तिकडे अर्धवट इमारती, फोडलेल्या टेकड्या, धूळ. त्या धुळीतून एक जुनी वस्ती टेकडीच्या उतारावर तग धरून होती. हिराबायचं घर वरच्या अंगाला. दारापर्यंत गाडी जाते पण रस्ता असा उभा, की तात्यांनी हँडब्रेक ओढून शिवाय उतरून धोंडाही लावला.

हिराबाय बारीकशी, काठीवर टेकून चालणारी, आवाज मात्र सगळ्या उतारावर ऐकू जाईल असा. बोली अस्सल आगरी: गाडीची गारी, चढायचं ते चरायचं, मोडली ती मोरली.

"बालाराम, या वक्ताला मना नको सांगू. मांजे गुडघे गेले."

"अगो, तू नाय तं हलद कशी लागंल?"

"तुज्या त्या उंच गारीन चरायला शिडी लागते मना. पलीकडच्या लग्नाला रिक्शान नेली, खड्ड्यांनी कंबर मोरली. निस्ती कण्हत व्हते, धवला काय म्हनू?" बोलता बोलता ती दाराबाहेर आली आणि तिची नजर आमच्या गाडीवर गेली. ती वाकली नाही, टाचा उंचावल्या नाहीत. गाडीचं दार उघडून मागच्या सीटवर हात दाबून पाहिला. "ही कोनाची?"

"माझी," मी म्हणालो.

"ही पाठव. हिच्यान येईन. नायतं नाय."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मी तात्यांकडे. तात्यांचा चेहरा असा उजळला, की जणू त्यांनाच सुपारी मिळाली. "आम्ही येतो आजी. हळदीदिवशी दुपारी. मी स्वतः येतो."

हे झालं आमचं काम. आळीत उंच गाड्या डझनावारी, पण बसकी गाडी एकच, ती आमची.

खाडी

काका हिराबायच्या घरी चहाला बसले. तात्या म्हणाले, "ही गाडी लग्नाच्या कामाला निघायची आणि ही अवस्था?" गाडीवर उलव्याची आख्खी टेकडी बसली होती. खाली, उतार संपतो तिथे, खाडीचं पाणी चमकत होतं. भरती होती. पाणी पार होड्या ओढून ठेवतात त्या उतरणीपर्यंत आलेलं.

आमच्या माण नदीला पाणी येतं ते कधी तरी. आलं की सगळा गाव वाहनं घेऊन पात्रात उतरतो. पोळ्याला बैल, दसऱ्याला ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली, सगळं गुडघाभर पाण्यात उभं करून घासायचं. फुकट पाणी दिसलं आणि गाडी धुतली नाही असं आमच्या हातून होऊच शकत नाही. कोनला तर पाणी टँकरचं, लग्नाला जपून ठेवलेलं. मी गाडी उतरणीवरून मागे मागे घेतली, मागची चाकं आसापर्यंत पाण्यात गेली, तात्यांनी दांडा कर्र कर्र ओढला, आणि आम्ही बापलेकांनी बाहीने, फडक्याने, हाताने गाडी लखलखीत केली. पलीकडे जाळं विणत बसलेली एक बाई आमच्याकडे बघून खूप हसत होती. आम्हीही हसून हात केला. कोकणातली माणसं किती मनमोकळी, असं मला वाटलं.

कोनला आल्यावर गाडी अंगणात, नेमकी मधोमध लावली. तात्यांनी हँडब्रेक नेहमीपेक्षा जोरात ओढला. "आता ही हळदीदिवशीच हलंल," म्हणाले.

पुढचे दिवस काकांच्या जीपमधून फिरण्यात गेले. तात्यांना खारघर दाखवलं. इमारतीचे मजले मोजताना त्यांची टोपी पडली. पनवेलच्या बाजारात त्यांनी सुक्या मासळीच्या रांगेतून नाकाला उपरणं लावून प्रवास केला आणि शेवटी आईला दाखवायला म्हणून एक सुका बोंबील विकत घेतला. खायला नव्हे, दाखवायला.

अंगणातली गाडी

हळदीच्या दिवशी सकाळी मांडववाले बांबू घेऊन आले.

"सुभाष, गारी कार रे," काका ओसरीवरून ओरडले.

मी गाडी सुरू केली. दांडा खाली केला. तो खाली गेला, पण ओल्या दोरीसारखा, ताणच नव्हता त्याला. गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी मागून कोणीतरी धरल्यासारखी जागच्या जागी बसली आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा तेच. चौघांनी मागून रेटली. मागची चाकं गोल फिरायची सोडून अंगणावर दोन काळ्या रेघा ओढत घासत गेली.

काका खाली उतरले. चाकापाशी बसले. रिंगच्या आतून ओघळलेल्या तांबड्या डागाला बोट लावलं.

"गारी कुठं धुतलीव?"

"खाडीत," मी म्हणालो.

काकांनी मांडववाल्यांकडे, मग हरेशकडे, मग आभाळाकडे पाहिलं. "खाडीच्या पान्यान धुतली, मंग ब्रेक खेचून ठेवली. बोंबील हाय का ती? खारवून सुकवायला ठेवलाव?"

सगळं अंगण हसलं. मांडववाल्यांतला एक म्हणाला, "असू दे काका, गारीवरूनच मांडव घालू. नवरीला आत बसवा." दुसरा म्हणाला, "आधी गारीला हलद लाव."

तात्या मात्र हसले नाहीत. ते गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. "आवं, आमच्याकडं ट्रॅक्टर नदीत घालत्यात. काय होत न्हाई."

"तुमची नदी गोरी," काका म्हणाले. गोरी म्हणजे गोडी. "हे दर्याचं पानी. होरीचे खिले खातंय ते, तुमची गारी सोरंल?"

हरेश पुढे आला. "तात्या, टेन्शन घेऊ नका. गाडी ढकलून बाजूला करू. हिराबायला आणायला मी कुठून तरी बसकी गाडी बघतो."

"न्हाई," तात्या म्हणाले. इतक्या दिवसांत त्या घरात त्यांनी कोणाला नकार पहिल्यांदाच दिला असेल. "आम्ही सांगितलंय. आम्हीच जाणार. दुपारपर्यंत येळ हाय."

मी बाह्या वर केल्या. लोखंड गंजतं कसं हे मी दर वर्षी फळ्यावर शिकवतो, आता गाडीखाली झोपून शिकायची वेळ होती.

आधी मी गाडी एकदा मागे, एकदा पुढे, हलक्या क्लचवर झुलवली. तिसऱ्या झोक्याला उजव्या चाकातून नारळ फोडल्यासारखा आवाज आला आणि ते मोकळं झालं. डावं हलायला तयार नव्हतं. मग पुढच्या चाकांना विटा लावल्या आणि जॅक लावून ते चाक काढलं. आत लोखंडी डबा असतो, ड्रम म्हणतात त्याला. ब्रेक लावला की आतले दोन अर्धगोल पट्टे फाकतात आणि या ड्रमला आतून दाबून धरतात. आम्ही ते ओले, खारट, दाबलेल्या अवस्थेत ठेवले होते. गंजाने त्यांचं लग्न दर्शनाच्या आधीच लावून टाकलं होतं.

इथे दोन ड्रायव्हरांचं भांडण जुंपलं.

"डिझेल वतू," तात्या म्हणाले. "रातभर भिजलं की कसलाबी गंज सुटतो."

"पट्ट्यांवर डिझेल वतला तं ब्रेक लागंल का मंग? उलव्याच्या चरावर गारी खाडीन जाल पोवायला! हातोरीनं ठोकायचा."

"ठोकलं तर फुटंल!"

"डंपरचा नाय फुटला तं ह्यो काय फुटतंय?"

"डंपर न्हाई ही! डंपरचं पिल्लू बी न्हाई!"

दोघंही चवड्यांवर बसलेले, दोघांच्या मिशा फुरफुरत होत्या, आणि मधे चाकाजवळ मी आडवा. खालून मला जे दिसत होतं ते वरून दिसत नव्हतं: ड्रम तर धरलाच होता, पण हँडब्रेकच्या दांड्यापासून येणारी तारही आपल्या नळीत अडकली होती. दांडा सैल, तार मात्र ओढलेलीच. मी ओरडलो, "दोघांचंही बरोबर आहे! ड्रम ठोकायचा, आणि डिझेल फक्त तारेला!"

दोघंही वाकून खाली बघू लागले. मग काका म्हणाले, "मास्तर हाय बाबा. दोघांना पास करून टाकलान."

हरेशने लाकडाचा ठोकळा आणला. काकांनी ठोकळा ड्रमच्या कडेला धरून फिरत फिरत हातोडीने हलके ठोके दिले. तात्यांनी तारेच्या नळीच्या तोंडाशी थेंब थेंब डिझेल सोडलं, खाली फडकं धरून, एक थेंब पट्ट्यांकडे जाऊ न देता. मी पक्कडीने तार मागेपुढे करत राहिलो. बराच वेळ काही नाही. मांडववाल्यांनी आमच्या भोवतीने खड्डे खणायला सुरुवात केली. मावशी मधूनमधून येऊन बघून जात. शेवटी तार एकदम सरकली. ड्रमच्या तोंडावर दोन आटे असलेली भोकं असतात. त्यांत बोल्ट पिळत गेलो तसा ड्रम मुकाट्याने पुढे आला.

आत तांबडी भुकटी आणि कडेने पांढरी किनार. तात्यांनी किनारीला बोट लावून जिभेवर ठेवलं.

"मीठच हाय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, कौतुक होतं.

मावशींनी लग्नाच्या टँकरमधली एक कळशी आणून ठेवली. "आता गोऱ्या पान्यान धुवा." ओट्याच्या रंगकामातला पॉलिश पेपर उरला होता. त्याने पट्टे आणि ड्रम घासले, धुतले, उन्हात कोरडे केले. उजवं चाकही उघडून तसंच केलं. मग दांड्याजवळचा नट थोडा थोडा आवळत, मागची दोन्ही चाकं अधांतरी ठेवून, दांडा ओढला की चाक गच्च, सोडला की मोकळं, असं होईपर्यंत मी आतबाहेर करत राहिलो.

गाडी खाली उतरवली. हँडब्रेक ओढला. काका आणि तात्या दोघांनी मागे खांदा लावून जीव खाऊन रेटा दिला. गाडी हलली नाही.

"धरतंय," तात्या म्हणाले.

"धरतंय," काका म्हणाले. सकाळपासून दोघांचं एकमत झालं ते हे पहिलं. पण काकांनी जाता जाता पुडी सोडलीच, "हितं सपाट हाय. चरावर काय करते बघा."

उतारावर

उलव्याला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. हिराबाय हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून दारात काठी टेकून उभी. सुना रिक्षाने आधीच कोनला गेल्या होत्या, घरी दुसरं कोणी नव्हतं. गुडघ्यामुळे तिला दोन्ही बाजूंनी दोघांनी धरल्याशिवाय बसता येईना. म्हणजे तात्या एकीकडे आणि मी दुसरीकडे. म्हणजे गाडीत कोणीच नाही.

अडचण अशी होती, की आमची गाडी तापल्यावर बंद केली तर पुन्हा लवकर सुरू होत नसे. इंजिन चालूच ठेवायचं होतं, त्यामुळे गिअरमध्ये टाकून ठेवायची सोय नव्हती. गाडीचं तोंड उताराकडे. खाली वस्ती, त्याखाली होड्या, त्याखाली खाडी.

तात्यांनी दांडा ओढला. मग सवयीने उतरून धोंडा शोधू लागले. एक चांगला चौकोनी उचलून चाकापुढे ठेवणार, तोच हिराबाय कडाडली.

"ओ! धोंडा नको! हलदीच्या कामाला निघालीय मी. चाकाफुरं धोंडा टाकून निघतंय का कोन?"

तात्यांच्या हातात धोंडा तसाच. ते माझ्याकडे बघत राहिले. सगळी उमर ज्या धोंड्यावर विश्वास ठेवला तो खाली ठेवायचा, आणि विश्वास ठेवायचा तो आम्ही त्याच दिवशी दुपारी जोडलेल्या एका तारेवर. मी पायाचा ब्रेक सोडला. गाडी जराशी पुढे झुकली, आतून कुरकुरली, आणि थांबली. मी मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. उतरलो.

तात्यांनी धोंडा रस्त्याच्या कडेला ठेवला.

आम्ही हिराबायला दोन्हीकडून धरलं. तिला घाई नव्हती. मधे थांबून तिने शेजारणीला ओरडून कोंबड्या झाकायला सांगितलं. मग पदर सावरला. मग काठी आधी आत ठेवायची की नंतर यावर विचार केला. एक पाय आत घेतला तेव्हा गाडी तिच्या वजनाने हलली आणि माझा हात नकळत टपाला घट्ट लागला, जणू मी ती धरून ठेवणार होतो. पण ती धरून उभी होती. दुसरा पाय आत आला. हिराबाय टेकली, "हां, ही बरी," म्हणाली, आणि तात्यांनी दार इतक्या हळू लावलं, की आत कोणी झोपलंय असं वाटावं.

निघताना तात्यांनी दांडा सोडला तो दोन बोटांनी.

वाटेत ती मला विचारू लागली. नवरीचा मामा कोण, आत्या कोण. धवल्यात नावं घ्यायची असतात.

"भाऊ किती?"

"एकच. हरेश."

"आन तू?"

"मी हरेशचा मित्र. त्यांच्या घरी राहून शिकलो."

"किती वर्सं?"

"तीन."

"तीन वर्सं त्या चुलीवर जेवलास आन मित्र सांगतोस." एवढंच म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली.

मांडव

कोनला मांडव उभा राहिला होता, आमच्या चाकांच्या काळ्या रेघांवरच. हिराबायला उतरवून घ्यायला सगळ्या बाया धावल्या. दर्शना पाटावर बसली. हिराबायने पाणी पिऊन घसा साफ केला आणि पहिला धवला सुरू केला. त्या लहानशा बाईच्या आवाजाने मांडवातला बाकीचा सगळा गलका गप्प झाला. देव झाले, कुलस्वामिनी झाली, मामा झाला. मग:

"हलदीच्या पाटी कोन गो भाऊ आयला, हरेश भाऊ आयला..."

बायांनी ओळ उचलली. हिराबायने श्वास घेतला.

"...देशावरशी गारी घेऊन कोन गो भाऊ आयला, सुभाष भाऊ आयला."

बायांनी तीही ओळ उचलली, जशी काही ती नेहमीचीच होती. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. मावशींनी हळदीची वाटी माझ्या हातात खुपसली. "नाव आलंय. आता उभा काय? लाव बहिनीला."

मी हळद लावली. दर्शनाने तीच हळद माझ्या नाकाला पुसली. माझे डोळे भरले, ते चुलीच्या धुराने भरले असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

तात्या मांडवाच्या कडेला खुर्चीवर होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, पाहुणे बसतात तसे. धवला संपला आणि मागच्या अंगाने काकांचा आवाज आला. मटणाचं पातेलं चुलीवरून उतरवायचं होतं आणि दुसऱ्या कानाला माणूस नव्हता.

"ए तात्या! बसलास काय रं खुर्चीन नवरदेवावानी? पोराचं नाव आलंय ना धवल्यान? ऊठ, कान धर ह्याचा! जलतंय!"

इतक्या दिवसांत त्या घरातला पहिला 'ए'. तात्या असे उठले, की खुर्ची मागे कलंडली. उपरण्याचे दोन पिळे करून त्यांनी पातेल्याचा कान धरला.

"आलो, आलो," ते म्हणाले, "वरडतोस कशाला?"